कोणतं झाड? (सोसायटीच्या सोंगांसाठी सल्ला हवा आहे)

नासर्डीकाठची | १७ नोव्हेंबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी नाशिकला, नासर्डीच्या काठाला आहे. कागदोपत्री नदीचं नाव नंदिनी, पण रिक्षावाल्याला नंदिनी सांगितलं तर तो साडीच्या दुकानाशी नेऊन सोडेल.

परवा बालदिनानिमित्त खाली पार्किंगमध्ये फॅन्सी ड्रेस झाला. परीक्षक मी. सात मुलं झाड होऊन आली होती. सातही जणांचा हिरवा कुर्ता, पुठ्ठ्याचा मुकुट आणि गळ्यात 'झाडे लावा झाडे जगवा'ची पाटी. मी सहज विचारलं, "कोणतं झाड रे तू?" तिघं गप्प. एक म्हणाला, "ग्रीन ट्री." आणि माझी स्वतःची लेक म्हणाली, "ऑनलाइनवालं."

हसले तेव्हा, पण रात्री झोप लागली नाही. आमच्या खिडकीतून करंज, उंबर, सुबाभूळ आणि एक भलामोठा पर्जन्यवृक्ष दिसतो. पाइपावर रोज सकाळी एक ढोकरी येऊन बसते. आणि मी तरी कुठे शहाणी? गेल्या वर्षीपर्यंत तिला बगळ्याचं पिल्लू समजत होते.

तर बेत असा. जानेवारीतला एक रविवार धरायचा. आमच्याकडच्या पुलापासून पुढच्या पुलापर्यंत जे काही जिवंत आहे, त्यातलं एक प्रत्येक घरानं निवडायचं. महिनाभर त्याच्याकडे नीट बघायचं, हातानं सोंग बनवायचं आणि संध्याकाळी नदीच्या रस्त्यानं सगळ्यांनी चालायचं. विकत काही आणायचं नाही. पाट्या नाहीत, भाषण नाही, बक्षीसही नाही. (बक्षीस नाही म्हटल्यावर दोन घरं तिथंच गळाली.)

असं कुणी केलंय का? सामान काय वापरावं? आणि खरं सांगा, हे जरा बावळटपणाचं वाटतंय का?

---

रिकामटेकडा | १७ नोव्हेंबर, रात्री ११.५२

"ऑनलाइनवालं" =)) मुलीला बक्षीस द्या आधी.

---

भद्रकालीकर | १८ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

ताई, बावळटपणा कसला त्यात? पण नाशिकला सोंगं शिकवायची गरज नाही भो. धुळवडीला आमच्याकडे वीर नाचवतात, ते बघितलंय का कधी? घरातले वीर (देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक) घेऊन लोक वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर जातात. लहान पोरांना कुणी राम करतं, कुणी खंडोबा, कुणी शिवाजी महाराज. दाजिबा वीर निघतो तेव्हा तर अख्खं जुनं नाशिक रस्त्यावर असतं. माझ्या चुलत्यानं मला चार वर्षांचा असताना खंडोबा केलं होतं. मिशी काजळाची. रामकुंडापर्यंत पोचेस्तोवर ती गालभर पसरली होती, फोटो अजून आहे.

मग रंगपंचमीला रहाडी. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा. पेशवाईपासूनचे हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. फुलं-पानं उकळून केलेला रंग, त्यात धप्पा मारायचा. पळसाचा वास काय असतो ते मला बागेत नाही कळलं, रहाडीत नाकातोंडात गेल्यावर कळलं.

---

स्पष्टवक्ता | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

काडी टाकतो, राग मानू नका.

मी त्याच नदीच्या पलीकडच्या काठाला राहतो. दोन पुलांच्या मध्ये मला रोज दिसतं ते असं: सांडपाणी, पाणवेली, गादीचा कापूस, नारळ, आणि पिशवीत बांधून पुलावरून भिरकावलेलं निर्माल्य. या नदीकाठी सर्वांत जास्त संख्येनं आढळणारा सजीव म्हणजे डास. त्यामुळे सुशिक्षित सोसायट्यांनी चिमण्या-बगळे होऊन मिरवणं मला जरा... असो. आधी नाला अडवा, मग नाचा.

डास व्हायला परवानगी आहे का?

---

नासर्डीकाठची | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.५८

@स्पष्टवक्ता, आहे. एवढंच नाही, तुमचं नाव मी यादीत लिहिलंय. सोंड स्वतः बनवायची.

---

मास्तरीण | १८ नोव्हेंबर, दुपारी १.१०

तुम्ही "कोणतं झाड" विचारलंत ते वाचून हात थांबला. मी चौथीला शिकवते. मुलांना झाड काढा म्हटलं की तपकिरी खांब आणि वर हिरवा ढग. चाळीस वह्या, चाळीस ढग.

एकदा शाळेमागच्या कडुनिंबाखाली नेऊन बसवलं आणि सांगितलं की आज चित्र नाही काढायचं, अंगानं झाड करून दाखवायचं. पहिली पाच मिनिटं नुसता दंगा. मग एक मुलगी उठली आणि कंबरेत वाकडी उभी राहिली. का गं? तर तो कडुनिंब भिंतीपासून लांब झुकलाय. तीन वर्षं मी त्याच्याखाली डबा खाल्लाय, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एक सूचना. "महिनाभर बघा" असं सांगितलं तर कुणी बघणार नाही. रोज एकच गोष्ट आणायला सांगा. आज पान कसं जोडलंय, उद्या साल बोटाला कशी लागते, परवा त्याच्यावर कोण कोण येतं.

---

दुर्बीणवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ९.०५

अरे वा, शेवटी माझ्या कामाचा धागा आला.

ताई, ढोकरी कुणी झालं नसेल तर कृपा करून कुणाला तरी करा. तिला वंचकही म्हणतात, आणि ते नाव उगाच नाही पडलेलं. बसलेली असते तेव्हा मातकट, छातीवर रेघा, चिखलात चिखल होऊन जाते. जवळ गेलात की भर्रकन उडते आणि एकदम पांढरीशुभ्र! पंख सगळे पांढरे, मिटले की पाठीखाली लपलेले. म्हणजे सोंगाची युक्ती पक्ष्यानंच करून ठेवली आहे. वरून मातकट शाल, हाताखाली आतल्या बाजूला पांढरं धोतर शिवायचं. स्तब्ध उभं राहायचं. मग हात उघडायचे. बास, बाकी काही लागत नाही.

दुसरी गोष्ट: रंगापेक्षा चाल बघा. टिटवी चार पावलं तुरुतुरु पळते, थबकते, वाकते, परत पळते. धोबी शेपटी सतत वरखाली हलवत असतो. तो हिवाळी पाहुणा, आत्ता नदीकाठी सापडेलच. जांभळी पाणकोंबडी चालताना शेपूट झटकते, खालचं पांढरं दिसतं. चाल जमली तर अंगावर साधा टॉवेल असला तरी ओळखू येईल. नाही जमली तर कितीही पिसं चिकटवा, फॅन्सी ड्रेसच.

वेळ असेल तर सगळ्यांना घेऊन एका पहाटे नांदूरमध्यमेश्वरला जा. गोदावरी-कादवा जिथे भेटतात तिथला बंधारा, निफाड तालुक्यात. २०२० साली रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावच्या मनोऱ्यावरून चित्रबलाक, चमचे, तलवार बदकं दिसतात. पण तुमची अट दोन पुलांमधलीच असू द्या. ती अट फार आवडली. रोहित (फ्लेमिंगो) व्हायला सगळेच तयार असतात, ढोकरी व्हायला धीर लागतो.

आणि पिसं गोळा करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि तो जागा आहे. मोराच्या गळालेल्या पिसांना सवलत आहे, ती इतर पक्ष्यांना लागू होईल असं गृहीत धरू नका. घरटी तर अजिबात नाही. कापड, कागद, पानं यात सगळं होतं.

---

रिकामटेकडा | १८ नोव्हेंबर, रात्री ९.२०

बिबट्या चालेल का? गंगापूर रोडला दरवर्षी एखादा येतोच, म्हणजे स्थानिकच धरायचा.

---

दुर्बीणवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ९.२४

नको रे बाबा. संध्याकाळच्या अंधारात पिवळं-काळं अंग कुणी गच्चीवरून बघितलं की अर्ध्या तासात शहरभर व्हिडिओ फिरेल. वनखात्याला आधीच पुष्कळ कामं आहेत.

---

निफाडचा_बागायतदार | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

सामानाचं माझ्यावर सोडा. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या काड्या बांधावर ढीग पडल्यात, जाळण्यापेक्षा घेऊन जा. ओल्या असताना वाकतात, वाळल्या की तसाच आकार धरून राहतात. चोच, शिंगं, पंखांचा सांगाडा, काय पाहिजे ते करा. कांद्याच्या जुन्या गोण्या आहेत, तागाच्या. त्या उसवून सुतळी निघते.

मागच्या हंगामात घडांना लावलेले पेपर गोठ्यात पडलेत, पोतीच्या पोती. ते मात्र देत नाही. फवारे झालेले असतात बागेवर, त्याचा लगदा करून लेकरांच्या तोंडाला लावायचा नाही. घरची रद्दी वापरा.

---

नासर्डीकाठची | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.०२

दादा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते पेपरच पहिल्यांदा मागितले असते. मनापासून आभार. येत्या रविवारी काड्यांसाठी येतो.

---

सुगरण_६८ | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.००

लगद्याचं मी सांगते. माझी आजी त्याच्या टोपल्या करायची, भाकरीची दुरडीसुद्धा लगद्याचीच होती आमच्याकडे.

रद्दी फाडून तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं. गुळगुळीत कागद घेऊ नका, भिजत नाही. मेथी रात्रभर भिजवून वाटायची. चार वर्तमानपत्रांना साधारण वाटीभर. मेथीनं चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. चिंचोके असतील तर भाजून, टरफलं काढून, भिजवून, वाटून शिजवा. त्याची खळ फेव्हिकॉलला मागे टाकते. हे सगळं एकत्र करून कणकेसारखं मळायचं. हाताला लागायचं थांबलं की झालं.

पातेलं पालथं घालून त्यावर ओला कागद लावा आणि वर लगदा थापा, करंगळीएवढा जाड. लगेच उन्हात ठेवलंत तर तडे जाणार. पहिला दिवस सावली, मग ऊन. जानेवारीत दव पडतं, रात्री आत घ्यायला विसरू नका. डोळ्यांची भोकं अर्धवट ओलं असतानाच पाडा.

आणि मिक्सरमध्ये लगदा फिरवू नका. फिरवायचाच असेल तर नवरा घरात नसताना.

---

वाचकमात्र | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.१२

वाचतेय. सुगरणताई, शेवटच्या ओळीमागची गोष्ट येऊ द्या.

---

सुगरण_६८ | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

गोष्ट नाही, दुरुस्तीचं बिल आहे.

---

पेठवाला | २० नोव्हेंबर, रात्री १०.१५

थोडं वेगळं बोलतो.

माझं गाव पेठ तालुक्यात. आमच्याकडे बोहाडा होतो. तिकडे जव्हार-मोखाड्याला होतो, इकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या पट्ट्यात कुठे भवाडा म्हणतात, कुठे आखाडी. गणपती, सरस्वती, नरसिंह, मारुती, रावण, त्राटिका, एकेक सोंग रात्रभर संबळ-सनईवर नाचत येतं. मुखवटे लाकडाचे किंवा याच लगद्याचे. आमच्या घराकडे एका सोंगाचा मान आहे, आज्यापासून. मुखवटा वर्षभर माळ्यावर कपड्यात बांधलेला असतो. उतरवायच्या आधी पूजा होते, आणि ज्याच्या तोंडाला तो चढतो तो त्या वेळी माझा चुलता राहत नाही.

हे सांगतोय अशासाठी की शहरात 'ट्रायबल मास्क वर्कशॉप' नावाचा प्रकार मी पाहिलाय. दोन तासांत देव रंगवून घरी न्यायचा, भिंतीला अडकवायचा. ते बघून पोटात कालवतं. तुम्ही ढोकरी करताय, आमचे देव करत नाही, म्हणून लिहिलं. नाहीतर लिहिलं नसतं.

आता कामाचं. मुखवट्यातून समोरचं फारसं दिसत नाही. आमच्याकडे सोंगाच्या बाजूला एक माणूस असतोच, तो धरून नेतो. तुमच्या पोरांनाही एकेक माणूस द्या, रस्त्यावर गाड्या असतात. मुखवट्याच्या आतून कपाळाला आणि हनुवटीला जुन्या कापडाची घडी लावा, नाहीतर घामानं घसरतो. आणि जड करू नका. लहान पोराची मान किती, मुखवटा किती.

---

नासर्डीकाठची | २० नोव्हेंबर, रात्री १०.४०

पेठवाले दादा, देव कुणीही होणार नाही, शब्द देते. आणि सोबतीच्या माणसाचं मला सुचलंच नव्हतं. यादीत टाकलं.

एक विचारू का? बोहाड्यात जनावरांची सोंगं असतात का?

---

पेठवाला | २० नोव्हेंबर, रात्री ११.०५

जनावरांसाठी वाघबारस आहे ना. दिवाळीच्या तोंडाला, आश्विन वद्य द्वादशीला. गुराखी पोरं वाघोबापाशी जमतात, कुणी वाघ होतो, कुणी अस्वल, कुणी कोल्हा, आणि बाकीचे त्यांना पिटाळतात. आमच्या शिवारात येऊ नको म्हणून वदवून घेतात. मग खीर. माझ्या वडलांच्या लहानपणी वाघ व्हायला अंगाला राख आणि कोळशाचे पट्टे पुरायचे. पण वाघ कसा दबकतो, कुठून येतो, शेळी कुठे धरतो हे प्रत्येक पोराला पाठ. कारण दुसऱ्या दिवशी गुरं घेऊन त्याच रानात जायचं असे.

---

स्पष्टवक्ता | २१ नोव्हेंबर, सकाळी ९.००

पेठवाले, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम. आणि माझा मुद्दा तोच आहे. त्या पोरांना वाघाचं काम होतं म्हणून वाघ माहीत होता. सोसायटीतल्या मुलांचं नदीशी काय काम आहे? काही नाही. पाणी नळाला येतं गंगापूर धरणातून. नासर्डी आटली तरी त्यांना आठवडाभर कळणार नाही.

कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडणार म्हणून तपोवनातल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर आले, चांगलंच झालं. पण त्यातल्या किती जणांना तिथली पाच झाडं नावानं ओळखता आली असती?

---

मास्तरीण | २१ नोव्हेंबर, दुपारी २.३०

@स्पष्टवक्ता, नाव येत नसताना लोक आले हे काय वाईट झालं? आमच्या शाळेतली दोन मुलं आईवडलांबरोबर गेली होती. परत आल्यावर एकानं विचारलं, "टीचर, ज्याला मिठी मारली त्याचं नाव काय होतं?" ओळख नंतर झाली, मिठी आधी. माणसांतही बऱ्याचदा असंच होतं.

"काम नाही" हे मात्र मान्य. म्हणून तर काम काढावं लागतंय, सोंगाचं का असेना.

---

रिकामटेकडा | २१ नोव्हेंबर, दुपारी २.४४

"मिठी आधी, ओळख नंतर" हे वाक्य कॉलेज रोडच्या कट्ट्यावर लावायला हवं.

---

गंगाआजी | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.२०

नातू टाईप करतोय, मी सांगतेय. माझं माहेर सिन्नरकडचं. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांची. पाऊस लांबला की धोंडी काढत. एखाद्या पोराला कमरेला, गळ्यात, डोक्याला निंबाच्या डहाळ्या बांधायच्या, नुसता पालाच दिसला पाहिजे, पोरगं दिसता कामा नये. मग घरोघर न्यायचं. प्रत्येक घरची बाई तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर ओतायची आणि मूठभर पीठ द्यायची. विहिरीत पाणी नाही, तरी धोंडीला तांब्या चुकत नसे.

त्या वर्षी माझा भाऊ धोंडी झाला होता. पाला झटकला नव्हता. तिसऱ्या घरापाशी लाल मुंग्यांनी हिसका दाखवला आणि धोंडी जो पळाला! लोक म्हणाले अंगात आलं. बाया पाया पडायला लागल्या. आई तेवढी ओरडत होती, अरे त्याला चावतंय रे!

पाऊस नाही आला. भाऊ सुजला.

तेव्हा पाला झटकून घ्या बायांनो. आणि रुई घेऊ नका, चीक डोळ्यात जातो.

---

भद्रकालीकर | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४५

आजी, दंडवत.

---

झुरिककर | २३ नोव्हेंबर, पहाटे ३.१०

मूळचा म्हसरूळचा, सध्या स्वित्झर्लंड. आजींची धोंडी वाचून लिहावंसं वाटलं. इथे आपेनझेल भागात उर्नाश नावाचं गाव आहे. तिथे ३१ डिसेंबरला आणि पुन्हा १३ जानेवारीला (जुन्या पंचांगाचं वर्षअखेर) माणसं सोंगं घेऊन भल्या पहाटे घरोघर फिरतात. काही सोंगं नटलेली, काही अक्राळविक्राळ, आणि तिसरा प्रकार निव्वळ रानातल्या वस्तूंचा: शेवाळ, देवदाराच्या फांद्या, पेंढा, शंख, फळं. मुखवटासुद्धा त्याचाच. अंगावर मोठाल्या घंटा. दारात उभं राहून शब्दांशिवाय गातात, घरातले लोक काहीतरी गरम प्यायला देतात.

मी पहिल्यांदा बर्फात उभा राहून ते बघितलं तेव्हा शेजारचा म्हणाला, तुमच्याकडे असं नसेल ना. मला तेव्हा काही आठवलं नाही. आजी, पुढच्या वेळी तुमच्या भावाची गोष्ट सांगेन.

---

सुगरण_६८ | २३ नोव्हेंबर, सकाळी १०.००

रंगांचं राहिलं. पळस आत्ता नाही, फाल्गुनाशिवाय फुलणार नाही. हळद आहेच, हळदीत चुना कालवला की कुंकवासारखा लाल येतो. गेरू, काजळी, चुना. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लाल होतं, पण जानेवारीत कोवळं मिळणं अवघड. पारिजातकाचे देठ कुणी पावसाळ्यात वाळवून ठेवले असतील तर केशरी. थर्माकोल आणि चमकी आणलीत तर मी या धाग्यावरून उठून जाईन. थर्माकोलची सजावट तर राज्यात २०१८पासून बंदच आहे.

---

वाचकमात्र | २४ नोव्हेंबर, दुपारी १२.००

पाणवेलींचं काही करता येईल का? देठ वाळवून त्याच्या टोपल्या विणतात असं पाहिलंय.

---

स्पष्टवक्ता | २४ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

नासर्डीतल्या पाणवेलीला हात लावण्याआधी ती कशात वाढलीये ते बघून या. हातमोजे आणि गमबूट घालून मोठ्यांनी काढाव्यात, मुलांनी नाही. (मी मदतीला येऊ शकतो. डासाच्या पायांना लांब देठ लागतील.)

---

रिकामटेकडा | २४ नोव्हेंबर, दुपारी १२.२१

विकेट पडली!!

---

रिकामटेकडा | २ जानेवारी, रात्री ८.००

धागा वर काढतोय. काय झालं पुढे?

---

नासर्डीकाठची | २० जानेवारी, रात्री १०.३०

उशीर झाला, माफ करा. परवा रविवारी झालं एकदाचं. तेवीस घरांनी नाव दिलं होतं, चौदा आली. लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी ढोकरी. आमच्या तिसऱ्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. लिफ्टमध्ये भेटले तर मजल्याचा आकडा बोलतात, बाकी काही नाही. दुर्बीणवाल्यांचा प्रतिसाद मी छापून खाली लावला होता. तो कागद दुसऱ्या दिवशी गायब. डिसेंबरभर काका रोज सकाळी सातला पाइपासमोर खुर्ची टाकून बसलेले. रविवारी सगळे पुलापाशी जमले, हलगी नव्हती म्हणून कुणीतरी डबा बडवत होतं, आणि कठड्यापाशी काका. अंगावर जुनी मातकट शाल, मान खांद्यात खुपसलेली, एक पाय किंचित पुढे. हलत नाहीत. मुलं आधी हसली, मग खडे मारू का विचारायला लागली, मग कंटाळून पुढे गेली. वीस मिनिटं तरी झाली असतील. मागून एका स्कूटरनं हॉर्न दिला आणि काकांनी दोन्ही हात उघडले.

पांढरं. काखेपासून मनगटापर्यंत पांढरंशुभ्र धोतर. पश्चिमेचं ऊन त्यातून आरपार आलं. डबा बडवणारा थांबला. काका "क्वाक" असं काहीतरी ओरडले आणि रस्ता ओलांडून पळाले. (सोबतीचा माणूस मागून पळाला. पेठवाले दादा, तुमचा नियम पाळला.) आता लिफ्टमध्ये मुलं त्यांना मजला विचारत नाहीत, "क्वाक" विचारतात. ते उत्तर देतात.

लेक करंज झाली. मास्तरीणबाई, रोज एकच गोष्ट आणायचं तुमचं सूत्र लावलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, आई, याचं एकही पान बिनडागाचं नाहीये. खरंच! सगळ्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आणि बारीक फोड. किडे करतात म्हणे. मी जुन्या साडीची छान तुकतुकीत पानं कापून दिली होती, ती तिनं परत केली. खळीचे थेंब टाकून प्रत्येक पानावर फोड काढले, रेघा काढल्या. दोनशे दहा पानं. रविवारी कुणीतरी कौतुकानं म्हणालं, अगं पानं खराब झाली का तुझी? तर म्हणाली, "खराब नाही, करंज आहे."

स्पष्टवक्ते आले. पाणवेलीच्या देठांचे सहा पाय, प्लॅस्टिकच्या तुटक्या पाइपाची सोंड. अख्खा वेळ नाला नदीत मिळतो तिथे उभे राहून घूं घूं करत होते. सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच निघाले.

आता फजिती. बी विंगच्या एका मुलानं सुगरणताईंच्या कृतीनं जांभळ्या पाणकोंबडीचा मुखवटा केला होता, लाल कपाळ वगैरे सुरेख. शनिवारी दुपारी ऊन द्यायला कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला. नदीकाठी मोकळी फिरणारी एक गाय आहे. तिनं तो खाल्ला. चोचीसकट. मेथीचा वास, तिचा काय दोष. रंग हळदीचा नि बिटाचा होता म्हणून आम्ही जरा निर्धास्त, तरी दोन दिवस तिच्यावर नजर ठेवली, मजेत आहे. मुलगा तासभर रडला. रविवारी बघतो तर तो गोणपाट पांघरून गाय होऊन आलेला, आणि तोंडातून जांभळी चिंधी लोंबत होती.

---

दुर्बीणवाला | २० जानेवारी, रात्री १०.५०

काकांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. आणि त्यांना विचारा नांदूरमध्यमेश्वरला येतात का, गाडीत जागा आहे.

---

स्पष्टवक्ता | २१ जानेवारी, सकाळी ९.१५

सोंगाच्या फोटोंसकट नाल्याचा अर्ज दिलाय. पोच मिळाली. बाकी काही मिळालेलं नाही. माझं मत बदललेलं नाही, पण एक कबूल करतो: सोंड लावून तासभर तिथे उभं राहिल्यावर पाणी कुठून येतं ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. आठ वर्षं मी चुकीच्या नाल्याला शिव्या देत होतो.

---

पेठवाला | २१ जानेवारी, रात्री ९.४०

गाय झालेल्या पोराला आमच्या बोहाड्याला घेऊन या. त्याला जमतंय.

---

गंगाआजी | २२ जानेवारी, संध्याकाळी ६.००

करंजाची पानं आता गळतील थोड्या दिवसांत, मग नवी पोपटी फुटतात. पोरीला विचार, साडीची पानं काढून ठेवणार का.

---

नासर्डीकाठची | २२ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

आजी, तिनं आधीच विचारलंय. रोज खिडकीतून झाड बघते आणि झाडाची जितकी पडली असं वाटतं तितकी फ्रॉकची काढते. घरभर पानं झाली आहेत.

---

सुगरण_६८ | २३ जानेवारी, सकाळी १०.१०

गायीचं वाचून अपराधी वाटतंय. पुढच्या वेळी लगद्यात मेथीऐवजी कडुनिंबाचा पाला वाटून घाला. कीडही लागत नाही आणि गाय तोंड लावत नाही.

---

निफाडचा_बागायतदार | २३ जानेवारी, सकाळी १०.२५

शेळी खाते.